क्लिपवरच्या रेघा

प्रशांतची मोटरसायकल अंगणात येऊन थांबली तेव्हा रुक्मिणीच्या डाव्या हातात चाकूची क्लिप होती. ती मागच्या पडवीत बसली होती. क्लिप पदराखाली, पॉलिश पेपरचे तुकडे पाटाखाली सारून ती आत चुलीपुढं जाऊन बसली. चुलीवर काहीच नव्हतं, तरी ती फुंकत राहिली.

पाहुणा न कळवता आला असं म्हणणं त्याच्यावर अन्याय होईल. त्यानं काल संध्याकाळीच मेसेज टाकला होता. पण गुंद गावात मेसेज माणसाच्या मागून पोचतो. टेकाडावर चढून मोबाईल हवेत धरला तरच तो येतो, आणि कालपासून टेकाडावर कोणी गेलं नव्हतं.

प्रशांत मूळचा खानापूरचा. बेळगावच्या एका कारखान्यात तो आणि रुक्मिणीचा नवरा परशू शेजारी-शेजारी उभे राहून लोखंड घासायचे. पुढं प्रशांतनं स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं आणि खिशात मावणारे मिटते चाकू बनवायला लागला. परशू मात्र गावी परतला तो हात घालवून. हात होते हो जागेवर. पण वर्षानुवर्षं धरलेल्या मशीनची थरथर बोटांत उतरली ती उतरलीच. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. घरी आल्यावर वर्षभर हा माणूस पुढच्या पडवीतल्या खांबाला टेकून बसला. बोलला नाही, शेतात उतरला नाही, कमरेला कोयता लावला नाही. रुक्मिणीनं देवाला सांगून पाहिलं, डॉक्टरला सांगून पाहिलं, शेवटी खांबालाच शिव्या घातल्या.

मग प्रशांतची पहिली पुडी आली. चाकू खिशाला अडकवायच्या क्लिपा, स्क्रू, सांध्याच्या कड्या. सोबत निरोप, की परशूअण्णांच्या हातची साटीन फिनिश पाहिजे. म्हणजे आरशासारखी झगमग नको. एकाच दिशेच्या बारीक रेघांची मऊ, दबलेली चमक हवी. परशूनं पहिली क्लिप घासायला घेतली, बिघडवली, आणि सगळी पुडी अंगणात भिरकावली. रुक्मिणीनं कोंबड्यांच्या पायांतून एकेक स्क्रू वेचून आणला.

"तोंडानं सांगा. हात मी चालवतो," ती म्हणाली. इकडच्या बायका रागावल्या की अशाच पुरुषासारख्या बोलतात. आणि तो खरंच सांगायला लागला. वर्षानं त्याचा आवाज ऐकून तिला रडू कोसळलं, ते तिनं चुलीच्या धुरावर ढकललं.

तेव्हापासून घरात असं चाललं होतं. डोळे आणि अक्कल त्याची, हात तिचा. तोही डावा. रुक्मिणी जन्माची डावरी. लहानपणी आईनं तो हात पाठीमागं बांधून तिला जेवायला बसवलं होतं. सासरी परशू तसा गरीब माणूस, पण ताटावर बसला की त्याची नजर तिच्या हातावर. "उजव्या हातानं वाढ," हे तिनं लग्नापासून भाताबरोबर रोज ऐकलं होतं. बारीक काम मात्र उजव्या हातानं तिला जमत नसे. मागच्या पडवीत परशूनं ते पाहिलं, आणि पाहिलंच नाही असं केलं.

प्रशांतला यातलं काही ठाऊक नव्हतं; परशूच्या हातांची थरथरसुद्धा तो कारखान्यातून गेल्यावरची. परशूनं तिला सांगू दिलं नव्हतं. भांडं फुटलं तर काम जाईल याची तिला तितकी भीती नव्हती. भीती होती त्या खांबाची. हा पुन्हा तिथं जाऊन बसला तर त्याला उठवायला तिच्याकडं आता काही उरलं नव्हतं.

"कवा आलास? बस की," परशू विहिरीवरून आला. हात पंच्यात गुंडाळलेले.

प्रशांतनं घोंगडीवर बसून रुमाल सोडला. त्यात इथून घासून पाठवलेल्या क्लिपा होत्या. "अण्णा, काय काम हो तुमचं! लोकं खुळी झाल्यात. ह्या रेघा बगा, खाली येताना जरा डावीकडं झुकत्यात. मशीनला ह्ये जमायचं न्हाई. गिऱ्हाईक आता ह्याच्यावरनंच वळकतंय."

रुक्मिणी गुळाचा चहा घेऊन आली. कप उजव्या हातानं पुढं केला. डावा तिनं पदराखाली घेतला होता.

"ह्यी एक सोडून." प्रशांतनं एक क्लिप वेगळी काढली. "ह्यी तुमच्या हातची न्हाई."

रुक्मिणीनं वाकून पाहिलं. रेघा मध्येच तुटलेल्या, एका जागी दोनदा घासलेल्या, आणि झोक उलटा, उजवीकडं. ही क्लिप तिनं केलीच नव्हती. तिला काही कळेना. मग तिनं परशूच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला उमगलं. ती रोप लावायला गेली होती त्या दिवशी यानं एकट्यानं बसून, दातओठ खात, एवढी एक क्लिप पुरी केली असणार आणि गुपचूप पुडीत सरकवली असणार. सगळ्या मालात ती एकटीच त्याच्या हातची होती.

"कुनी हात लावला हिला? खरं सांगा अण्णा," प्रशांत हसत होता.

परशूची मान खाली गेली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मी केली ती," रुक्मिणी म्हणाली. "ह्यांचं बघून बघून हात शिवशिवला. चुकलं माजं."

"वैनी, तुमी आपले कंद उकडा! पुन्यांदा हात लावू नगासा बगा."

"न्हाई लावत."

स्वतःच्या कामाचं कौतुक दुसऱ्याच्या नावावर ऐकायचं, दुसऱ्याच्या चुकीची बोलणी आपण खायची आणि वर माफी मागायची, हे बायकोशिवाय कुणाला जमत असेल तर सांगा. रुक्मिणीला त्याचं काही वाटलं नाही. परशूनं मान वर केली नव्हती, त्याचं वाटलं.

"आता ह्यी माझ्यासमोर नीट करून द्या," प्रशांत म्हणाला. "दुपारी जोयड्यात गिऱ्हाईक गाठायचंय. आन व्हय, जरा शूटिंग करतो. लोकांस्नी हात बघायचेत. नुसते हात."

नाही म्हणायला काही कारण सुचेना. परशूनं मागचा पाट पुढं आणला. क्लिप लाकडी ठोकळ्यावर बसवताना बारका स्क्रू बोटांतून निसटला. तो प्रशांतनंच उचलून पिळला. परशूनं सागवानी पट्टीला पेपर गुंडाळला, तेलाचा थेंब सोडला. थेंब क्लिपवर कमी आणि पाटावर जास्त पडला. आता पट्टी टेकवून एका दमात खाली ओढायची, उचलायची, पुन्हा वरून ओढायची. मागंपुढं घासायचं नाही. एक ओढ वाकडी गेली की सगळं पहिल्यापासून. दारात उभ्या रुक्मिणीची डावी बोटं पदराखाली आपोआप मिटली.

प्रशांतनं मोबाईल धरला. परशूनं पट्टी क्लिपवर टेकवली आणि ती कटकट वाजायला लागली. त्यानं कोपर गुडघ्यावर दाबलं, श्वास रोखला. पट्टी वाजतच राहिली.

प्रशांतनं मोबाईल खाली केला. "अण्णा, बरं न्हाई काय तुमास्नी?"

रुक्मिणीला वाटलं, चहाचं भांडं पालथं करावं, साप निघाला म्हणून ओरडावं. परशूनं नजर वर केली ती थेट खांबाकडं. ते तिनं पाहिलं.

"रुक्मे," परशू म्हणाला. "हिकडं ये."

ती आली.

"बस हितं." तो पाटावरून बाजूला सरकला.

"अवो, पन..."

"प्रशांता, ती वाईट क्लिप माजी. बाकीच्या समद्या हिच्या. पयल्या पुडीपासनं." एका दमात बोलून त्यानं पट्टी तिच्यापुढं धरली. ती त्याच्या हातात थरथरत होती, आणि या वेळी त्यानं थरथर लपवली नाही.

प्रशांत रुमालातल्या क्लिपांकडं बघत राहिला. रुक्मिणीचे डोळे भरून आले होते. चारचौघांत हात पुढं करायचा म्हटल्यावर सवयीनं तिचा उजवा पुढं झाला.

"उजवा न्हवं," परशू म्हणाला. "डावा."

तिनं डावा हात पदरातून काढला. पट्टी तिच्या बोटांत आली आणि स्थिर झाली.

"आता घे शूटिंग," परशू प्रशांतला म्हणाला. मग क्लिप नीट दिसेल असा तिच्या अगदी जवळ सरकून बसला. "त्याल कमी पडलंय, रुक्मे. आनी एक थेंब घे."