फुकटचा डोंगर

एकोणनव्वद साली आमच्या कॉलेजात संगणक आला, तेव्हा पांढुर्ण्याच्या शहाण्यांनी त्याच्यापुढे नारळ फोडला, पडद्याला कुंकू लावलं आणि खोलीबाहेर चपला काढायचा नियम केला. डोकं सोबत आत न्यायचा नियम मात्र कुणी केला नाही.

मी भूगोल शिकवते. सौंसर तालुक्यातल्या विहिरींचं पाणी किती खोल आहे, ते मी उन्हातान्हात दोर सोडून मोजलं होतं. ते आकडे पडद्यावर लांबी-रुंदी-खोलीसकट दिसावेत म्हणून नागपूरहून दोन प्रोग्राम आणले, दोन्ही फुकटचे. एक ठेवायचा होता. पहिल्याचं चित्र रेघारेघांचं, रडकं. पण आकडा उंचीचा की खोलीचा, हे तो आधी विचारायचा. दुसरा काहीच विचारायचा नाही. गुलाबी-निळे डोंगर काढायचा आणि गरगर फिरवायचा.

"विचारावं लागतं म्हणजे कच्चाच आहे," म्हणत विभागप्रमुख देवघरे सरांनी फिरणारा ठेवला. लग्नाचा बँडसुद्धा लोक यापेक्षा विचार करून ठरवतात.

"सर, हा खोलीलाच उंची समजतो. डोंगर दिसतो तिथे पाणी सगळ्यात खाली आहे."

"मॅडम, लोकांना चित्र तर पाहू द्या!"

लोक आले. त्यांत माझे बाबा, यशवंतरावही होते. मोहगावच्या आमच्या संत्र्याच्या बागेतली विहीर आटत चालली होती. उन्हाळ्याआधी नवी झाली नाही तर झाडं जाणार होती. बाबांनी चपला काढल्या, पडद्याला हात जोडले. सगळ्यात उंच डोंगर नेमका आमच्या वावराच्या वरच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा होता.

"पाह्य विजे, आपल्याच वावरात पाणी वर येऊन राहिलं!"

"उलटं आहे ते, बाबा. नाल्याकडे खोदा."

"तुले मशीनपेक्षा जास्त समजते काय? सर एवढे शिकेल हायेत, ते तं काही म्हणून नाही राहिले."

सर नुसते हसत होते. चित्र उलटं आहे हे सांगायला तोंड उघडावं लागलं असतं.

विहीर धुऱ्यावरच खोदली. सुरुंग लावले, दगड निघाला, त्याखाली आणखी दगड. वैशाखात झाडांची पानं गुंडाळली आणि बाग उभी वाळली. मला इतका संताप आला की रडायचीही लाज वाटली.

बाबा कोरड्या विहिरीच्या काठावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. वाटलं, आता तरी मला विचारतील.

"विजे," ते म्हणाले, "आता कुठं खोदू, ते देवघरे सराले विचारून ये ना. तू तं त्यायच्याच हाताखाली हायेस."