टोपी टाका, मंग म्हैस सोडते

आमच्या गल्लीतली मुलं संध्याकाळी माझ्या ओट्यावर अभ्यासाला येतात. उन्हाळ्यात मी त्यांना पुस्तकाबाहेरचा एक धडा शिकवला. मोबाइलवर पुराचा व्हिडिओ आला की लगेच पुढं पाठवायचा नाही. आधी त्याला प्रश्न विचारायचा. "जुन्या व्हिडिओला उत्तर देता येत नाही, एवढं लक्षात ठेवा. आणि घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला हे शिकवा."

कमलनं आजीला शिकवलं. तिची आजी धुरपदाबाई बऱ्हाणपूरच्या खालच्या अंगाला, तापीकाठच्या केळीच्या मळ्यात राहते. दाट केळींमुळं तिथून नदी दिसत नाही. मागच्या पावसाळ्यात असाच एक जुना व्हिडिओ पाहून ती घाबरली होती आणि म्हैस ओढत गावात आली होती. पाहते तर नदीत बायका धुणं धूत होत्या! "काय धुरपदाबाई, आला का पूर?" असं गल्ली तिला पार दिवाळीपर्यंत विचारत होती. त्यामुळे माझा धडा तिला फारच आवडला.

श्रावणात तापी खरोखर चढली. राजघाटासमोर पात्रात दगडी हत्ती आहे, त्याची पाठ बुडाली आणि नुसतं डोकं वर राहिलं. नगरपालिकेची गाडी भोंगा लावून फिरू लागली. मळ्याच्या वाटेवर एक नाला लागतो. नदी फुगली की आधी तोच भरतो आणि वाट बंद होते. धुरपदाबाई तिकडे एकटी होती. मुलगा चुडामण नेपानगरला कामावर, आणि म्हैस आज-उद्या व्यायची.

कमलनं नदीचा व्हिडिओ काढून पाठवला. उत्तरादाखल आजीचा आवाज आला, "जुना हाये. मले नको शिकवू."

कमल रडकुंडीला आली. "गुरुजी, आता काय करायचं?"

"आता समोरासमोर बोलू."

आम्ही घाटाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहून व्हिडिओ कॉल लावला. मागं सगळी मुलं.

"आजी, हा पाहा हत्ती! म्हैस सोड अन् निघ लवकर!"

"दिवाळीत फोनवर तू मले बर्फात बसलेली दिसली होती. मागं काश्मीर, अन् तू बसली होती चुलीपाशी. तसाच हत्ती लावला असशील."

मी फोन घेतला. "धुरपदाबाई, मी वामन गुरुजी. पाणी खरंच..."

"राम राम गुरुजी. इचारल्याबिगर मानू नका, हे तुमीच तं शिकवलं. मंग मी इचारते. डोक्यावरची टोपी काढा."

मी काढली.

"टाका नदीत."

"अहो, नवी आहे ती!"

"टोपी नवी, तं मंग पूर जुना!"

मुलं खदाखदा हसू लागली. एकटी कमल तेवढी हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मी टोपी भिरकावली. ती पाण्यावर पडली, गिरकी घेतली आणि हत्तीच्या कानाजवळून सुसाट निघून गेली. कमलनं फोन तिच्या मागं मागं फिरवला.

पलीकडून ओरडा आला, "अवं माय! गेली की वो सच्ची! फोन ठेव कमल, म्हैस सोडते!"

आम्ही मळ्याकडच्या रस्त्याच्या तोंडाशी जाऊन थांबलो. कमलनं माझा हात घट्ट धरला होता. बऱ्याच वेळानं आधी म्हशीची शिंगं दिसली, मग दावं धरलेली धुरपदाबाई. लुगडं मांडीपर्यंत ओलं.

"नाला भरत आला, गुरुजी," ती धापा टाकत म्हणाली. "अजून एक टोपी मागतली असती, तं मी तिकडंच र्‍हायले असते."

संध्याकाळपर्यंत मळ्यात पाणी शिरलं. म्हैस माझ्या ओट्याखाली व्यायली. दुसऱ्या दिवशी अभ्यास कसला, सगळे पारडूच बघत बसले. धुरपदाबाईनं त्याचा फोटो काढून चुडामणला पाठवला. त्याचा आवाज आला, "काय माय, मागल्या सालच्या पारडाचा फोटो पाठवते? मले येडा समजते का?"

मुलं पुन्हा खिदळली. धुरपदाबाई मात्र गंभीरपणे विचार करत होती. मग तिनं हळूच माझ्या डोक्याकडे पाहिलं. सकाळीच बाजारातून आणलेली टोपी मी दोन्ही हातांनी धरली, पण कमलनं तोवर व्हिडिओ कॉल लावला होता.