एकशे तेराव्या पानावरच्या बाई

“मेलेल्या बाई परत कशा येतात हो मावशी?”

ग्रंथपाल मॅडमनी एक जाडजूड कादंबरी बाइंडिंगच्या टेबलावर ठेवली. “एक आजोबा भांडायला आलेत. पान एकशे बारानंतर एकदम एकशे एकोणतीस. आणि दोनशे आठवर शाळेतल्या बाई वारल्या, की पुढे एकशे तेरा! बाई आपल्या दारात उभ्या!”

मावशींनी पुस्तक न उघडताच ओळखलं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्यांची एकोणीस वर्षं पुस्तकं शिवण्यात गेली होती. सोळा-सोळा पानांचे फर्मे त्या गप्पा मारता मारता क्रमानं लावत. त्यांच्या कामात खोट काढायची कुणाची बिशाद नव्हती.

“नजरचुकीनं झालं असेल,” मॅडमनीच वाट काढून दिली.

“शिवताना नजरचूकच झाली. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. पण उसवायला हात धजेना.” थापा मारणं मावशींच्या रक्तातच नव्हतं.

त्या कादंबरीतल्या दहा वर्षांच्या मुलीची शाळा घरचे बंद करतात. तिच्या बाई भर उन्हात चालत येतात, उंबऱ्यावरच फतकल मारतात आणि म्हणतात, “हिला उद्यापासून पाठवता, की मी इथंच फळा टांगू?”

मावशींचीही शाळा चौथीतच सुटली होती, धाकट्या भावाला सांभाळण्यापायी. महिनाभर त्या रोज संध्याकाळी वेणीफणी करून, भावाला कडेवर घेऊन दारात उभ्या राहायच्या. त्यांच्या बाईही तशा मायाळूच होत्या, पण आल्या नाहीत. आता मावशी पन्नाशीच्या पुढे गेल्या, तरी कुणी कडी वाजवली की आधी केसांवरून हात फिरवतात. वेडेपणा आहे, हे त्यांनाही कळतं.

“पुस्तक मिटताना बाई दारात उभ्या असायच्या,” मावशी म्हणाल्या. “जिवाला तेवढंच बरं वाटायचं.”

मॅडमचा आवाज खाली आला. “मग राहू दे तसंच. आजोबांना मी दुसरं काहीतरी देते. त्यांना काय, रोज एक पुस्तक मिळालं म्हणजे झालं.”

मावशींनी पुस्तक एकशे बाराव्या पानावर उघडलं.

“नको,” त्या म्हणाल्या. “पोरीबाळी नेतात हे. ती मुलगी पुढे नर्स होते, ती या बाईंमुळे. त्या वेळेवर आल्या म्हणून. सगळं होऊन गेल्यावर दारात येऊन उभं राहिलं, तर त्याचा काय उपयोग?”

मॅडमनी कात्री मावशींच्या हाताशी सरकवली. त्या हळूच बाहेर गेल्या.

मावशींनी दोरा कापला. फर्मा काढून बाईंना मुलीच्या दहाव्या वर्षात नेऊन बसवलं आणि पुस्तक पुन्हा शिवलं. आता दोनशे आठच्या पुढे कोरा कागद होता. ते शेवटचं पान त्यांनी उभ्या उभ्याच वाचलं.

“गेल्या बिचाऱ्या,” त्या पुटपुटल्या. दुपारी मॅडम जेवायला हाक मारून गेल्या, पण मावशींनी त्या दिवशी डबा उघडला नाही.