एका खोलीला दोन खिडक्या

फोटो स्टुडिओत त्यांना सगळे ठिपकेकाकू म्हणत. ते आडनाव नव्हतं, काम होतं. पूर्वी फोटो कागदावर उतरला की त्यावर धुळीचे पांढरे ठिपके राहायचे. ते बारीक ब्रशने, शाईचा एकेक कण ठेवून बुजवायचे. हे काम काकूंनी एकतीस वर्षं केलं, खिडकीखालच्या त्याच टेबलाशी बसून. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायचा, श्वास रोखायचा आणि टेकवायचा. चुकलं तर माघार नाही, फोटो गेलाच म्हणून समजा. काकूंच्या हातून एकतीस वर्षांत असे चारच गेले, आणि ते चारही चेहरे त्यांना अजून आठवत.

मग कॉम्प्युटर आला, ब्रश डबीत गेला आणि काकूंचा हातही थरथरायला लागला. तेव्हापासून त्या फोटो पाकिटात भरून पाकिटांवर नावं लिहीत. तरी टेबल तेच, खिडकी तीच. म्हणून एका मंगळवारी मालक म्हणाले, "काकू, सोमवारी कपांवर फोटो छापायचं मशीन येतंय. तुमचं टेबल काढावं लागेल," तेव्हा त्यांना आधी काही कळलंच नाही.

"आणि मी?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही आता आराम करा ना. खूप केलंत."

आराम! या मालकांना काकूंनी हाफचड्डीत पाहिलं होतं, त्यांचं वाहतं नाक पुसलं होतं. आता तेच त्यांना आराम करायला सांगत होते. त्या दिवशी पाकिटांवरची सगळी अक्षरं जरा जास्तच ठळक आली.

मालकांना एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. तीन महिने झाले, काकू घरी शिकत होत्या.

त्यांची सून घरून जाहिरातींची डिझाइन्स करायची. एका दुपारी काकूंनी भीत भीत विचारलं, "मला शिकवशील?" सून हसली नाही, हे तिचे उपकारच. तिने आपला जुना लॅपटॉप काढला, स्क्रीनवर रंगवायचं पेन जोडलं आणि दोघी स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसल्या. खिडकीशी बसलं तर स्क्रीनवर फोटोऐवजी आपलंच तोंड दिसायचं. त्यानंतर दुपारी दोन ते चार त्या घरात सासू कोण आणि सून कोण, ते ओळखू येईना.

"आई, पेन तोंडात घालू नका!"

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. काकू पेन उचलायच्या ते थेट ओठांकडे. शेवटी सुनेने टोकाला कडू औषध लावायची धमकी दिली, तेव्हा कुठे हात निम्म्या वाटेवर थांबायला लागला. एका दुपारी फोटोतल्या बाईच्या हनुवटीवरचा ठिपका काही केल्या जाईना. काकूंनी वीस मिनिटं त्यावर सगळी हत्यारं चालवून पाहिली. सून आली आणि तिने बोटाने स्क्रीन पुसली. ठिपका गेला. ती काचेवरची धूळ होती. दोघी इतक्या हसल्या की शेजारणीने भिंतीवर टकटक केली.

सगळ्यात अवघड गेलं ते श्वास घेणं.

"आई, श्वास सोडा. चुकलं तर मागे या."

"मागे म्हणजे कुठे?"

सुनेने दोन बटणं दाबून दाखवली. काकूंनी ओढलेली वेडीवाकडी रेघ नाहीशी झाली. काकूंनी पुन्हा रेघ ओढली, पुन्हा पुसली. असं चाळीस वेळा केलं. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "एकतीस वर्षं मी श्वास धरून बसले गं." आणि त्यांचे डोळे भरून आले.

पुढे त्या लेयर शिकल्या. मूळ फोटोला हात लावायचाच नाही. त्यावर काच ठेवावी तसा एक लेयर ठेवायचा आणि रंगवायचं ते काचेवर. नाही आवडलं, काच उचलून बाजूला. झूम शिकल्या, तेव्हा तर थरथरीचं भयच गेलं. एक डोळा ताटाएवढा केला की त्यात हात थरथरला काय आणि नाही काय! पण स्टुडिओत जाऊन हे सांगायचा धीर होत नव्हता. कॉम्प्युटर मालकांच्या मेहुण्याकडे होता. तो मागच्या कोपऱ्यात बसून दहा मिनिटांत फोटो उरकायचा आणि काकूंना प्रेमाने म्हणायचा, "तुमच्या काळी काय कष्ट हो!"

शनिवारी सकाळी म्हातारे शिंपी आले. त्यांच्या बायकोला जाऊन वर्ष झालं होतं. तिचा चांगला असा एकच फोटो, तोही याच स्टुडिओत काढलेला. त्यांच्या दुकानाचं छत गळलं आणि ओलीने अर्धा चेहरा खाऊन टाकला. फोटो दुरुस्तीला दिला होता, तो न्यायला ते आले होते.

मेहुण्याने नवा फोटो समोर ठेवला. चेहरा अगदी स्वच्छ, एक डाग नाही. शिंपीकाकांनी चष्मा वर-खाली केला आणि बराच वेळ पाहिलं.

"छान आहे हो," ते म्हणाले. "पण ही कोण?"

"अहो, तुमच्याच मिसेस! चांगला अर्धा भाग उलटवून दुसरीकडे लावलाय. अर्धा चेहराच नव्हता, त्याला मी काय करणार?"

"हो, हो. तुमचा दोष नाही." शिंपीकाका घाईघाईने फोटो पाकिटात घालू लागले, पण तो आत जाईना. पाकिटाचं तोंड उघडून द्यायला काकू पुढे झाल्या आणि त्यांची नजर फोटोवर गेली.

"एका खोलीला दोन खिडक्या कुठून आल्या?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"हा फोटो इथेच काढलाय. मोठे मालक, यांचे वडील, त्या खिडकीपाशी बसवायचे सगळ्यांना. हे बघा, या डोळ्यात चार काचांची खिडकी चमकतेय, डाव्या अंगाला. मग दुसऱ्या डोळ्यात ती उजव्या अंगाला कशी? आणि गाल दोन्ही उजळ. खोलीला खिडकी एकच, तर एक गाल सावलीत हवा. म्हणून ओळखू येत नाहीत त्या."

मेहुण्याने फोटो डोळ्यांजवळ नेला.

"काकू," मालक हळू आवाजात म्हणाले, "हे ब्रशचं काम नाही आता."

"ठाऊक आहे. ऊठ रे जरा तिथून," काकू मेहुण्याला म्हणाल्या. "घाबरू नकोस, तुझ्या फाइलला हात लावत नाही. वर नवा लेयर घेते."

लेयर हा शब्द ऐकून मेहुणा मुकाट्याने उठला. काकूंनी त्याच्या कॉम्प्युटरचं पेन घेतलं. ते ओठांपर्यंत गेलं, थांबलं, खाली आलं. इथे फजिती झाली असती, तर सोमवारपर्यंत थांबायचीही गरज नव्हती.

त्यांनी डोळा ताटाएवढा केला. चुकीची खिडकी बुजवली, बरोबर बाजूला चार काचा उमटवल्या. दुसऱ्या लेयरवर गालावर आणि नाकाच्या कडेला सावली टाकली. मग शिंपीकाकांना शेजारच्या स्टुलावर बसवलं.

"आता सांगा. दोन्ही बाजू सारख्या कुणाच्याच नसतात. यांचं काय होतं?"

शिंपीकाका विचारात पडले. "भुवई," ते म्हणाले. "ही इकडची. मी कापडाला कात्री लावायला गेलो, की ती वर जायची. तिचा माझ्या मापावर कधीच विश्वास नव्हता."

काकूंनी भुवई उचलली. "अशी?"

"नाही. आता रागावलेली दिसते. ती रागवायची नाही, तपासायची."

दोन बटणं, भुवई पूर्ववत. काकूंनी पुन्हा उचलली. "अशी?"

"जरा कमी. आणि डोळा किंचित बारीक."

ब्रशच्या दिवसांत गिऱ्हाइकाला असं शेजारी बसवून विचारायची काकूंची छाती झाली नसती. आता त्या पुढे जात होत्या, मागे येत होत्या, आणि आपण मोकळा श्वास घेतोय हे त्यांना कुठल्या तरी अकराव्या नाही तर बाराव्या भुवईला लक्षात आलं. त्यांना इतका आनंद झाला की हसू आवरेना. त्यांनी भुवई केसभर वर घेतली, पापणी थोडी खाली आणली आणि फोटो लहान करून पूर्ण चेहरा समोर आणला.

शिंपीकाका "अशीच" म्हणाले नाहीत. ते पुढे वाकले आणि स्क्रीनला म्हणाले, "अगं, बरोबर घेतलंय माप."

आणि मग रडले, हसत हसत. मालकांनी त्यांना पाणी दिलं आणि स्वतःही प्यायले. मेहुणा काकूंच्या खुर्चीमागे उभा होता. "काकू, ती सावली कुठल्या लेयरवर घेतलीत? पुन्हा एकदा दाखवा ना," तो म्हणाला, आणि त्यांनी दाखवली.

सोमवारी कपांचं मशीन आलं. दोन हमाल ते उचलून दारात उभे राहिले. "कुठे ठेवायचं?"

"खिडकीत नको," मालक लगबगीने म्हणाले. "तिथे आमच्या काकू बसतात. दुसरी जागा बघू."

काकूंनी खिडकीकडे पाहिलं. एवढ्या वर्षांचा तो उजेड टेबलावर पसरला होता. मग त्यांनी आपली पर्स उचलली.

"ठेवा हो खिडकीतच," त्या हमालांना म्हणाल्या आणि मालकांकडे वळल्या. "तिथे बसले तर माझ्या स्क्रीनवर ऊन येईल. मला मागचा कोपरा द्या."