फोटोतली जागा

गोऱ्याने कॅमेऱ्यावरचा डोळा काढला, मान हलवली आणि मॅडमच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. मॅडम मुंबईच्या. त्याची भाषा मराठीत आणून त्या शेषेरावपुढे ठेवायच्या आणि शेषेरावने ती वस्तीला समजावून सांगायची, असं सकाळपासून चाललं होतं.

"गुरुजी, आईंना साडी बदलायला सांगता का?"

"का? काय झालं साडीला?"

"फार स्वच्छ आहे."

शेषेरावने दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. केवळाबाईने जयंतीला नेसायची पांढरी साडी नेसली होती, निळीचं पाणी दिलेली. केसांना तेल, डोक्यावरून पदर. फोटो म्हटल्यावर हात जसे ठेवायचे असतात तसे तिने पोटाशी जुळवून ठेवले होते.

ती एकटीच नव्हे, सगळं भीमनगर धुऊन काढलं होतं. जर्मनीचे लोक दुष्काळाची फिल्म काढायला येणार असा निरोप आला, तेव्हा शेषेरावनेच घरोघर फिरून सांगितलं होतं, जग बघणार हाय आपल्याला, घाणेरडं दिसू नका. केवळाबाई तेव्हा वैतागून म्हणाली होती, "प्यायला पाणी न्हाई अन् धुवायला कुठून आणू, तुझ्या शाळेतून?" तरी तिने धुतलं. टँकरचं पाणी लोकांनी कपड्यांवर ओतलं आणि दोन दिवस घोट घोट पिऊन काढले. शेषेरावची बायको सिंधु तर ओसरीची तुळई, दाराची चौकट, कोंबड्याचं खुराडंसुद्धा पुसून बसली होती.

आणि आता हा बाबा म्हणत होता, फार स्वच्छ आहे.

"मॅडम," शेषेराव म्हणाला, "पाहुणे येणार म्हणून धुतलंय. आमच्यात फोटोला असंच नेसतात."

"कळतंय हो मला. पण पाणी नाही म्हणता आणि कपडे असे. तिकडे बघणाऱ्याला पटणार कसं?"

खरं बोललं तर खोटं वाटावं अशी गोष्ट होती ती. त्याने खिशातला खडूचा तुकडा काढला, बोटांत फिरवला आणि परत ठेवला.

फिल्मशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याला बोअर पाहिजे होता. वस्तीला एकच आड, सिमेंटच्या कड्यांचा, आणि त्याच्या तळाला बेडूकही उरला नव्हता. लातूर वेगळा जिल्हा झाल्यापासून बोअरचा अर्ज फिरत होता. नव्या जिल्ह्यात विचारलं की म्हणत, कागद जुन्या जिल्ह्यात राहिला. जुन्या जिल्ह्यात गेलं की म्हणत, तुम्ही आता आमचे राहिला नाहीत. जिल्हा झाल्याचा पेढा खाल्ला होता सगळ्यांनी. पाणी कोणाच्या वाट्याचं ते अजून ठरायचं होतं. अशात तालुक्याच्या साहेबांनी सांगितलं, फिल्म आधी कलेक्टरसाहेब बघणार, मग परदेशात जाणार. नीट करून घ्या, गुरुजी.

नीट म्हणजे काय, ते साहेबांनी सांगितलं नव्हतं.

गोरा घरात शिरला. भिंतीवर बाबासाहेब होते, शेजारी बुद्धाची तसबीर होती. त्याने तसबिरीकडे बोट केलं आणि हसून बोलला.

"ही तेवढी काढून ठेवाल?" मॅडम म्हणाल्या. "शूटिंगपुरती. तिकडे बुद्ध म्हटला की लोकांना जपान वाटतं. गोंधळ होईल."

"मग सांगा की त्यांना, इथंबी हाय म्हणून."

"एवढं सांगायला वेळ नसतो हो फिल्ममध्ये."

सिंधुने तसबीर उतरवली, पदराने पुसली आणि छातीशी धरून उभी राहिली. खाली ठेवायला तिला जागा सापडेना.

मॅडम वही चाळत होत्या. "पावसासाठी तुमच्याकडे काहीतरी करतात ना? अंगाला लिंबाचा पाला बांधून दारोदार फिरायचं, वरून पाणी ओतायचं?"

"धोंडी. ते गावातले करतात. आम्ही न्हाई करत."

"का?"

"सोडलं. छप्पन साली धर्म बदलला, तेव्हा सगळंच सोडलं."

"पण येतं ना? एकदा करून दाखवायला काय हरकत आहे? तुमचीच संस्कृती आहे ती."

शेषेरावचा बाप पोतराज होता. केस कापून, आसूड आडात टाकून तो माणसात आला, आणि ते केस पुन्हा वाढू नयेत म्हणून उरलेला जन्म तो न्हाव्याला शोधत फिरला. ही बाई त्याच्या पोराला सांगून राहिली होती, तुमचीच संस्कृती आहे.

"मॅडम, जमणार न्हाई," तो म्हणाला. "साडीबी बदलणार न्हाई अन् पालाबी बांधणार न्हाई. आहे तसं काढा. न्हाईतर गाडी फिरवा तुमची."

मॅडमनी खांदे पाडले. गोऱ्याला दोन शब्दांत सांगितलं. गोरा कॅमेऱ्याची पेटी बंद करायला लागला. पेटीची एक कडी लागली. तिच्याबरोबर बोअरही बंद होत होता, पण बोललेला शब्द परत घ्यायची शेषेरावला सवय नव्हती.

तेवढ्यात केवळाबाई आत गेली.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर वाकळेसाठी काढून ठेवलेलं लुगडं होतं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची तेव्हाचं, दोन ठिकाणी दंड घातलेलं, मातीच्या रंगाचं. केस विस्कटून घेतले होते. तेल लपत नव्हतं म्हणून वर चुलीतली राख चोळली होती. कडेला रिकामी घागर.

"माय," शेषेराव म्हणाला. "काय करून राहिलीस हे?"

"बहात्तरला फोटो काढला होता, ध्यानात हाय का? तवा तोंड धुऊन बसले होते मी. कोण आलं बघायला?"

"म्हणून भिकाऱ्यासारखं उभं राहायचं?"

"तू गप. तुला बोअर पाहिजे ना?" आणि मॅडमकडे वळून, "बोला बाई. कुठं हुभं राहू?"

गोऱ्याचा चेहरा लख्ख उजळला. त्याने पेटीची लागलेली कडी सोडली. केवळाबाईला आडाजवळ उभं केलं, बसवलं, वाकवलं. पण आड त्याला पसंत पडेना. सिमेंटचं कडं, बाजूला पत्र्याची पाटी, वर उन्हाचा डोंब. इथं काही दिसत नाही, मॅडम म्हणाल्या.

केवळाबाईने हनुवटीने गावाकडे दाखवलं. "तिकडं बारव हाय. दगडाची, जुनी. तीबी आटली."

शेषेरावला आईच्या अकलेची कीव आली. मारुतीसमोरची बारव गावाची. वस्तीच्या दुष्काळाचा आणि तिचा संबंध काय? पण गोरा निघाला होता, त्याच्यामागे मॅडम, त्यांच्यामागे केवळाबाई.

बारवेवर सरपंच किशनराव हजर होतेच. कॅमेरा गावात आलेला त्यांना वासाने कळतो. "या, या मावशी," ते म्हणाले, "उतरा. सावकाश, पायरी निसटती आहे."

मावशी. शेषेराव किशनरावांच्या तोंडाकडे बघत राहिला. बारवेत पाणी होतं तोवर त्या पायऱ्यांवर केवळाबाईचं पाऊल पडलं नव्हतं. वर उभं राहायचं, कोणी घागरीत ओतलं तर न्यायचं. आता पाणी गेलं आणि पायऱ्या मोकळ्या झाल्या. बाटायला उरलं काय होतं?

केवळाबाई उतरली. गोरा म्हणाला, मधल्या पायरीवर थांबा. ती थांबली नाही. शेवटच्या पायरीपर्यंत गेली, रिकामी घागर टेकवली आणि वर बघितलं. गोऱ्याने बोट उंचावून वा-वा केलं. त्यांचं काम झालं होतं.

घरी जाताना शेषेराव दहा पावलं पुढे चालत होता. पुढे कित्येक दिवस तो आईशी कामापुरतंच बोलला.

बोअरची गाडी आली ती पुढच्या उन्हाळ्यात. धडधडत आली, भीमनगरच्या पाटीवरून पुढे गेली आणि मारुतीसमोर थांबली. शेषेराव शाळा सोडून पळत गेला. इंजिनिअर तरुण होता. हातात फिल्ममधला एक मोठा फोटो धरून तो बारवेभोवती फिरत होता. फोटो डोळ्यांपुढे धरायचा, खाली घ्यायचा, पुन्हा धरायचा.

"साहेब, बोअर तिकडं वस्तीत मागितला होता आम्ही."

"हा फोटो बघा. ही पायरी, हा मारुतीचा कळस. जागा हीच आहे ना?"

"जागा हीच आहे. पण ही बाई वस्तीतली आहे, साहेब. माझी आई आहे ती. इथं फक्त फोटोला आणली होती."

इंजिनिअरने फोटोकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने बघितलं. लुगड्यातली बाई आणि पॅन्टशर्टातला मास्तर, यांची सांगड त्याला लागेना.

"असेल हो. पण फिल्म वर सगळ्यांनी पाहिलीय. या विहिरीवर बोअर द्या असा हुकूम आहे. माझ्याकडे तुमचा अर्ज नाही, नकाशा नाही. फोटो आहे."

किशनराव नारळ घेऊन आले होते. "गुरुजी, पाणी शेवटी गावालाच लागणार की. त्यात तुमचं-आमचं काय?"

शेषेरावने ओरडायचं तरी कोणावर? इंजिनिअरवर, गोऱ्यावर, की घरात बसून ज्वारी निवडणाऱ्या म्हातारीवर? घरी जाऊन त्याने तिला सगळं सांगितलं, एकेक शब्द तोंडावर फेकावा तसा. राख फासलीस, अब्रू दिलीस, आणि पाणी त्यांच्या दारात.

केवळाबाईने सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. "लागलं का पाणी?"

"लागलं."

"गोड हाय का?"

तो उठून बाहेर गेला.

हापसा बसला त्या सकाळी गावच्या बायकांची रांग बारवेपासून पारापर्यंत गेली होती. शेषेराव शाळेकडे निघाला होता. घंटा व्हायची होती. त्याला आई दिसली आणि तो जागीच थांबला.

केवळाबाई येत होती ती पांढऱ्या साडीत. नीळ दिलेली, घड्या मोडलेल्या नाहीत अशी. केसांना तेल, डोक्यावरून पदर, कडेला घासून लख्ख केलेली घागर. मागे सिंधु, आणि सिंधुच्या मागे वस्तीतल्या चार-पाच जणी, जरा अंतर राखून, काय होतं ते बघत. केवळाबाई रांगेच्या टोकाला थांबली नाही. सरळ हापशापाशी गेली.

किशनरावांची पार्वतीबाई हापशाला हात लावून उभी होती. तिने केवळाबाईला पायापासून पदरापर्यंत बघितलं.

"केवळा, कुठं चाललीस? आमचं होऊ दे आधी. तुमच्याकडं टँकर येतो की."

"टँकर प्या तुमी," केवळाबाई म्हणाली. "हापसा माझ्या तोंडावर आलाय."

"तोंड बघितलंस का आरशात?"

"मी कशाला बघू? कलेक्टरनं बघितलंय, जर्मनीनं बघितलंय. तुमचं कोणी बघितलं असंल तर सांगा, मी मागं हाटते."

रांगेत कोणीतरी फसकन हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला. पार्वतीबाईने पाराकडे नजर टाकली. किशनराव तिथेच बसले होते. त्यांच्या शेजारी इंजिनिअर चहा पीत होता. त्याने बशी खाली ठेवली आणि केवळाबाईकडे निरखून बघितलं, जसं तो फोटोकडे बघायचा. किशनरावांना चपलेचा अंगठा नीट करायचं काम निघालं.

केवळाबाईने पार्वतीबाईची घागर हलकेच बाजूला सरकवली आणि आपली नळाखाली ठेवली.

फिल्म काढली त्या दिवशी बारवेचं नाव पहिल्यांदा कोणाच्या तोंडातून निघालं, ते शेषेरावला आत्ता, इथे उभ्या-उभ्या आठवलं. शाळेची घंटा झाली. तो वळला नाही. रांग ओलांडून गेला आणि हापशाचा दांडा त्याने दोन्ही हातांनी धरला. पहिल्या दोन हापशांना नुसता वारा आला. तिसऱ्याला पाणी असं उसळलं की घागरीच्या काठावर आपटून चहूकडे उडालं.

"हळू," केवळाबाई खेकसली. "धुतलेली हाय साडी."