निःशेष भाग जाणारा जावई

आमचा दादा गणिताचा प्राध्यापक. घरात कुणी वर्तमानपत्रातलं राशिभविष्य वाचताना दिसलं, की त्याच्या अंगाचा तिळपापड होतो. आणि हाच शहाणा मुलीला आलेल्या प्रत्येक स्थळाचा फोन नंबर घेऊन त्याचे अवयव पाडत बसतो! मी सख्खी बहीण म्हणून तोंडावर बोलते. बाकीचे नुसती मान डोलावतात.

पहिल्या मुलाच्या नंबरच्या शेवटी पाच. "पहिल्या झटक्यात भाग जातो. लेचापेचा!" दुसऱ्याचा नंबर पूर्ण वर्ग निघाला. "स्वतःच स्वतःला गुणून मोठा झालाय. बायकोचं काय ऐकणार, कपाळ?"

भाचीला त्या दोघांचं सोयरसुतक नव्हतं. ती जनावरांची डॉक्टर, आणि तिच्याच दवाखान्यातला दुसरा डॉक्टर तिने केव्हाच पसंत केला होता. मुलगा गुणी, हाताला यश. पण दादापुढे आला की त-त-प-प.

दादाने त्याचा नंबर दोन दिवस पिळून काढला. कशानेच भाग जाईना. "मूळ संख्या! एकलकोंडा माणूस, कुणाशी काही वाटून घेणार नाही. नाही म्हणजे नाही."

भाची भडकली. मला म्हणाली, "आत्या, बाबांची परवानगी गेली खड्ड्यात. हा माझ्या बाजूने उभा राहिला, की मला बास."

उभा राहिला ना, फोनच्या दुकानातल्या रांगेत! रविवारी स्वारी नवा नंबर घेऊन हजर: सुरुवातीचा नऊ झाकला, की उरतात २३२७९२५६०. दादाने कागद ओढला, आकडेमोड केली आणि टुणकन उठला. "तेवीस कोटी सत्तावीस लाख ब्याण्णव हजार पाचशे साठ! एकपासून बावीसपर्यंत कशानेही भागा, बाकी शून्य! आणि असा याहून लहान आकडाच नाही! याला म्हणतात मिळूनमिसळून वागणारा माणूस!" त्याने मुलाला चक्क मिठी मारली. मुलगा लाजला. मी कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात भाची आली. बूट चिखलाने भरलेले, बाही कोपरापर्यंत ओली.

"जुना नंबर बंद केलास?" तिने त्याला विचारलं.

"परवाच. सरांना आवडत नव्हता ना."

"तबेल्यातली घोडी अडली होती. आज दवाखाना बंद, म्हणून मालक सकाळपासून तुला फोन लावत होता. माझा नंबर त्याला मिळाला तोवर उशीर झाला. घोडी वाचली, शिंगरू गेलं."

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. आमचे प्राध्यापक मात्र अजून कागदातच. "वाईट झालं गं. पण बघ तरी, बावीसपर्यंत..."

"बघितलं, बाबा." तिचा आवाज इतका थंड होता, की मीच चरकले. "नंबर बदलताना यानं मला विचारलं नाही, तुमची आवड बघितली. मग आता संसारही तुम्हीच करा याच्याशी."