हळद लागलेलं विमान

मित्रांनो, मी एक जुनं विमान आहे. माझ्यात आजवर कुणी बसलेलं नाही. पूर्वी मी हे खात्रीनं सांगायचो, आता जरा जपून सांगतो.

माझं अंग पांढऱ्या फोमचं आहे. साच्यात वाफ सोडली, दाणे फुलले, एकमेकांना चिकटले आणि मी तयार झालो. नाकावर मोटर, पोटात बॅटरी, शेपटीला दोन सुकाणू आणि रिमोटचा इशारा ऐकणारा एक इवलासा रिसीव्हर. सुकाणू हललं की चर्रर असा बारीक आवाज येतो. हा आवाज लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नांदेडच्या एका दुकानात मी काचेमागे होतो. माझ्या शेजारी एक करड्या रंगाचं लढाऊ विमान आणि एक लाल, आखूड पंखांचं चपळ विमान होतं. मुलं आली की त्या दोघांकडे धावायची. माझ्याकडे कुणी पाहत नसे.

एके दिवशी राजनंदिनी आली. हिंगोली जिल्ह्यात जवळा बाजारजवळच्या एका गावातली, कॉलेजात शिकणारी मुलगी. तिनं लढाऊ विमानाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"ज्याच्या मागं पळावं लागत न्हाई, असं विमान द्या," ती म्हणाली.

दुकानदार हसला. "अहो ताई, विमान काय वासरू आहे का मागं पळायला?" मग त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. मला काचेतून बाहेर काढून तो समजावू लागला. "पहिल्यांदा उडवणार असाल तर हेच घ्या. पंख वर आहेत, वजन खाली लटकतं, झोक्यासारखं. रिमोटची दांडी सोडून दिली तरी स्वतःच सरळ होतं. सावकाश उडतं, म्हणून विचार करायला वेळ मिळतो. मोडलं तर चिकटवता येतं. ते लाल दिसायला बेस आहे, पण शिकाऊ माणसाच्या हातात टिकत नाही. भुर्रकन नजरेआड जातं."

"म्हाईत आहे," राजनंदिनी म्हणाली. "आमच्याकडं तसंच होतं."

तिनं पिशवीतून एक जुना रिमोट काढला. दांड्यांवरची नक्षी अंगठ्यांनी झिजलेली होती.

"यालाच बांधून द्या."

रिमोट आणि विमान यांची ओळख करून देण्याला दुकानात 'बांधणं' म्हणतात. एकदा बांधलं की विमान त्याच रिमोटचं ऐकतं. दुकानदारानं बटणं दाबून पाहिली. "यात जुन्या विमानाची जुळवणी आहे. डावीकडं ओढ देऊन ठेवलेली आहे. पुसू का? नाहीतर त्याची सवय याला लागेल."

"नका पुसू," ती चटकन म्हणाली. "माझ्या दादाच्या हातची आहे."

मी बांधला गेलो. त्या क्षणी माझं सुकाणू आपसूक थोडं डावीकडे वळलं आणि तसंच राहिलं.

घरी दारासमोरच्या भिंतीवर तिच्या दादाचा, रुद्रचा फोटो होता. फोटोला हार होता. खाली बाजेवर एक कट्यार, तिच्या टोकाला खोचलेलं, वाळून काळं पडलेलं लिंबू. ती कट्यार तिथून कुणी उचलत नसे. राजनंदिनीची आई चतुराबाई तिच्याभोवतीनं झाडायच्या.

विमान पाहून चतुराबाईंच्या ओठांतलं रक्त उतरलं. त्यांनी फोटोचा हार सरळ केला. मग म्हणाल्या, "नंदू, उडव. मी न्हाई म्हणत न्हाई. पण हे शिवंपल्याड गेलं तर जाऊ द्यायचं. मागं जायचं न्हाई. माझ्या गळ्याला हात लावून सांग."

राजनंदिनीनं आईच्या गळ्याला हात लावला.

त्यांच्या वावरात शिजवलेली हळद वाळत घातली होती. शेजारी मोकळी, सपाट जागा होती. तिथे मी उडायला लागलो. सकाळी वारा पडलेला असायचा. राजनंदिनी मला हातानं फेकायची आणि मी सावकाश वर चढायचो. ती शिकत होती आणि मी तिला सांभाळून घेत होतो. फक्त एक होतं. तिनं दांडी सोडली की मी डावीकडे वळायचो, दर वेळी. डावीकडे ऊस होता, उसामागे शीव आणि शिवेवर एक जुनी विहीर. रिमोटमधल्या जुन्या ओढीमुळे मी वळतो, हे मला कळत होतं. पण कधीकधी ती दांडी उजवीकडे दाबून धरायची, तरीही मला पंखाखाली कुणाचा तरी हात जाणवायचा.

एका सकाळी मी उतरताना घसरलो आणि थेट वाळत्या हळदीत शिरलो. पोट पिवळं झालं, पंख पिवळे झाले. हळद उलथणाऱ्या देवलाकाकू खळखळून हसल्या.

"अगं चतुरे, बघ तरी! याला तर हळद लागली. नवरदेवच झाला की हा! आता शिवंबाहेर एकट्याला सोडू नका रे बाबा..."

त्या मध्येच थांबल्या. चतुराबाईंच्या हातातलं फावडं थांबलं होतं.

"तसं न्हाई गं," देवलाकाकू हळू आवाजात म्हणाल्या. "जीभच मेली माझी."

मित्रांनो, आता मला कळलेलं सांगतो. हळद लागलेल्या नवरदेवाला एकटं बाहेर पाठवत नाहीत. सोबत माणूस लागतो आणि हातात लोखंड लागतं, म्हणून कट्यार देतात. काही वर्षांपूर्वी रुद्रला लग्नाच्या आदल्या दिवशी हळद लागली होती. पाहुण्यांच्या लेकरांना दाखवायला त्यानं आपलं लाल विमान उडवलं. ते शिवेपलीकडे गेलं. तो धावला. दोन्ही हातांत रिमोट होता, म्हणून कट्यार बाजेवर ठेवली होती. रिमोट विहिरीच्या कडेला सापडला. रुद्र विहिरीत सापडला. विमान सापडलंच नाही.

त्या दुपारी घरात कुणी नसताना चतुराबाई माझ्याजवळ आल्या. त्यांच्या हातात बैलगाडीचा एक जाड खिळा होता. विळीच्या टोकानं त्यांनी माझ्या शेपटीखाली चीर पाडली, खिळा आत खोचला आणि वर पांढरी पट्टी चिकटवली.

"असू दे संगं," त्या पुटपुटल्या. "तुलाबी हळद लागली आहे."

विमान म्हणजे तोल, मित्रांनो. पंखाखाली दोन बोटं धरली तर ते आडवं राहायला हवं. शेपटी जड झाली की नाक वर जातं, वेग मरतो आणि कुणाच्याही हातात काही राहत नाही. चतुराबाईंना हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी राजनंदिनीनं मला फेकलं. माझं नाक आभाळाकडे उचललं गेलं. मी लटकलो, कोसळलो, पुन्हा उचललो गेलो. तिनं दांडी पुढे दाबली, उजवीकडे दाबली. मी डावीकडेच निघालो. ऊस माझ्या पोटाखालून सरकला. शीव आली. मग मोटर गप्प झाली आणि मी विहिरीच्या काठच्या बाभळीत अडकलो.

तिथे पाखरू नव्हतं. ऊस हलत होता, पण वारा नव्हता.

दुरून चतुराबाईंची हाक ऐकू आली. "नंदू! थांब! तू कबूल केलं होतं!"

राजनंदिनी थांबली नव्हती. दोन्ही हातांत रिमोट धरून ती बांधावरून धावत होती, तिचा दादा धावला होता तशीच. उसाच्या तोंडाशी आईनं तिची ओढणी पकडली. दोघीही धापा टाकत होत्या.

"आई, सोड. त्यात दादाचा हात आहे."

"दादाचा हात तिकडं न्हाई, नंदू. तिकडं तर तो मला सोडून गेला." चतुराबाईंचा आवाज फुटला. मग त्यांनी ओढणी सोडली आणि लेकीचं मनगट धरलं. "जायचंच तर माझ्यासंगं. एकटी न्हाई."

रुद्रला काढल्यापासून चतुराबाई त्या विहिरीकडे आल्या नव्हत्या. त्या दिवशी आल्या.

बाभळीच्या पाल्यात मी दिसत नव्हतो. राजनंदिनीनं मला आवाजावरून शोधायला दांडी हलवली. माझं सुकाणू वाजलं. चर्रर.

आणि खाली, विहिरीत, किंचित मागाहून वाजलं. चर्रर.

"नंदू," चतुराबाई म्हणाल्या, "दोन आवाज काहून येऊन राहिलेत?"

"विहिरीत घुमत असंल, आई."

तिनं पुन्हा दांडी हलवली. वर एक, खाली एक. तिनं दांडी सोडून दिली आणि अंगठे वर उचलले. माझं सुकाणू थांबलं.

खालचं आणखी एकदा वाजलं.

लाल विमानाची बॅटरी इतकी वर्षं टिकत नाही. पाण्यात तर मुळीच नाही. हे मला तुमच्यापेक्षा जास्त चांगलं माहीत आहे. मी ऐकलं तेवढंच सांगतो आहे.

राजनंदिनीनं मला फांदीतून सोडवलं आणि सवयीनं दोन बोटांवर धरलं. शेपटी धाडकन खाली गेली. तिनं पट्टी उचकटली. खिळा दिसला.

"मीच खोसला," चतुराबाई म्हणाल्या. "हळद लागली होती त्याला. लोखंड असावं संगं म्हणून."

"आई, याच्या वजनानंच तर ते इकडं आलं."

चतुराबाईंनी खिळा हातात घेतला. विहिरीच्या काठावर त्या जरा वाकल्या. राजनंदिनीनं त्यांचा पदर घट्ट धरला होता.

"घे रे बाबा," त्या खाली बघत म्हणाल्या. "तुझी कट्यार बाजेवरच राहिली होती. हे तुझ्याजवळ ठेव. अन् हिला बोलवू नको."

त्यांनी खिळा सोडला. विहिरीत पाणी होतं. मी वरून चमक पाहिली होती. पण पाण्याचा आवाज आला नाही.

मग राजनंदिनीनं तिथेच उभं राहून रिमोटवरचं लहान बटण उजवीकडे दाबायला सुरुवात केली. टिक, टिक, टिक. प्रत्येक टिकसरशी माझं सुकाणू केसभर सरळ होत होतं. तिचे डोळे भरले होते, पण अंगठा थांबला नाही. ओढ पुरती संपली की रिमोट एकदा लांब वाजतो. तो वाजला. पंखाखालचा हात निघून गेला.

त्यानंतर मी सरळ उडतो. आता माझा फोम पिवळट पडला आहे, नाक चिकटवून चिकटवून बोथट झालं आहे. मला फेकण्याआधी चतुराबाई स्वतः येतात, पंखाखाली दोन बोटं धरतात आणि मी आडवा राहिलो तरच म्हणतात, "व्हय, सोड." बाजेवर आता कट्यार नसते, तिथे मी असतो.

मित्रांनो, पहिलं विमान घ्याल तर माझ्यासारखं घ्या, संथ आणि वर पंख असलेलं. उडवण्याआधी तोल पाहा. आधी विमानाची बॅटरी काढा, मग रिमोट बंद करा. आणि कधी मी दूर गेलो, तर मला जाऊ द्या. विमान दुसरं मिळतं. शोधायला यायचंच असेल, तर कुणाचा तरी हात धरून या. मी पाल्यात असेन. तुम्ही दांडी हलवा, मी ओ देईन. पण ओ दोन आल्या, तर रिमोट बंद करा, धरलेला हात सोडू नका आणि घरी परत जा.